अपघात-दुरुस्तीनंतर उरलेले दोष : डाव्या पुढच्या कोपऱ्याच्या प्रकल्प नोंदी

गाडी : २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, सिल्व्हर मेटॅलिक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी, पिळली जाणारी तुळई), इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग. काम गोव्यातल्या फोंड्यात. मार्चमध्ये डावा पुढचा कोपरा चाकासकट चिऱ्याच्या गडग्यावर आदळला. एअरबॅग उघडल्या नाहीत. दुरुस्ती दुसरीकडे झाली आणि एप्रिलमध्ये गाडी मालकांच्या हाती आली.

१० जून २०२४

तक्रारी मालकांच्या शब्दांत लिहून घेतल्या. गाडी डावीकडे ओढते. ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि घूं असा आवाज येतो. पाऊस लागल्यापासून डाव्या बाजूची पायाजवळची चटई ओली असते. एअरबॅगचा दिवा कधी लागतो, कधी विझतो. सिग्नलला उभं राहिलं की एसी थंड करत नाही. डाव्या फेंडरवर फोड आले आहेत.

सहा वेगळ्या तक्रारी म्हणून सहा वेगळी कामं काढायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. एकाच धडकेतून आलेले दोष बहुधा एकमेकांना धरून असतात. क्रम चुकला तर एक काम दुसऱ्यासाठी पुन्हा उघडावं लागतं. आमचा क्रम असा : आधी बॉडीची मापं, मग सस्पेन्शन, मग अलाइनमेंट, त्यानंतर पाणी, वायरिंग, एसी आणि सगळ्यात शेवटी रंग. पत्रा ओढायचा बाकी असताना सीलंट किंवा रंग लावला तर तो फुटणारच.

जुनं बिल वाचलं. बंपर, डावा हेडलॅम्प, डावा फेंडर, कंडेन्सर, रेडिएटर, डावा लोअर आर्म, डावा टाय रॉड एंड आणि ‘अॅप्रन ओढणे’ (चाकाच्या कमानीचा आतला पत्रा ओढून सरळ करणं) एवढं त्यात आहे. बिलात जे नाही ते जास्त कामाचं. चाकावर मार बसूनही व्हील बेअरिंग नाही, सीम सीलंट नाही, पोकळीत मारायचं मेण नाही, आणि अॅप्रन ओढल्यावर बॉडी मोजल्याचा कागदही नाही. अलाइनमेंटचा एक छापील कागद आहे, त्यावर सगळे आकडे हिरवे.

११ जून

टायरची हवा गाडीच्या स्टिकरप्रमाणे भरून चालवून पाहिली. आपण डावीकडून चालतो आणि पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. म्हणून खेच तपासायला फोंडा–पणजी रस्ता कामाचा नाही. वेर्ण्याच्या पठारावर औद्योगिक वसाहतीतला सपाट सरळ तुकडा पाहून तिथं दोन्ही दिशांनी चालवली. दोन्ही वेळा डावीकडेच. म्हणजे दोष रस्त्याचा नाही.

पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल केली. टायरच्या बांधणीतला दोष असता तर खेच उजवीकडे गेली असती. गेली नाही. मग ब्रेक चिकटतोय का ते पाहिलं. ब्रेक न लावता गाडी चालवून थांबवली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्क पाहिल्या. तापमानात फारसा फरक नाही. टायर नाही, ब्रेक नाही, मग उरते ती भूमिती.

थरथर मात्र डाव्या चाकाबरोबर उजवीकडे गेली. म्हणजे ती त्या चाकातच आहे, रिममध्ये किंवा टायरमध्ये. घूं आवाज जागचा हलला नाही. उजवीकडे वळताना तो वाढतो, डावीकडे वळताना कमी होतो. उजव्या वळणात भार डाव्या चाकावर येतो, म्हणून संशय डाव्या व्हील बेअरिंगवर. धडकेत गोळ्यांचे ठसे बेअरिंगच्या कडीवर उमटतात. असं बेअरिंग हाताने फिरवलं तर ठीक वाटतं, भाराखाली गुणगुणतं.

१२ जून

अलाइनमेंट मशीनवर घेतली. आधी सगळे जॉइंट हलवून खेळ नाही ना ते पाहिलं, प्रत्येक रिमचं रनआउट कॉम्पेन्सेशन केलं (रिमचा डोल मापातून वजा केला) आणि ऑपरेटरकडून एसएआय (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा आतला कल) मोजून मागितला. नेहमीच्या कामात हे मोजत नाहीत, कारण त्यासाठी ब्रेक दाबून धरायचं उपकरण लावून चाकं दोन्हीकडे वळवावी लागतात. धडक खाल्लेल्या गाडीला मात्र हे मोजल्याशिवाय अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही. खालच्या आकड्यांत कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल (वरून बाहेर झुकलं तर धन), कॅस्टर म्हणजे बाजूने पाहता वळण्याच्या रेषेचा मागचा कल आणि टो म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत की बाहेर.

डावं : कॅम्बर +०°२७′, कॅस्टर २°५५′, एसएआय १२°०८′
उजवं : कॅम्बर −०°१७′, कॅस्टर ३°३०′, एसएआय १२°५२′
एकूण टो ०°०४′. डावं चाक उजव्याच्या मानाने ६ मिमी मागे.

या गाडीला कॅम्बरची मुभा ०°०५′ च्या दोन्हीकडे ४५′ आहे, कॅस्टरची ३°३०′ च्या दोन्हीकडे ४५′. एकेक आकडा पाहिला तर सगळे हद्दीत, म्हणून जुना कागद हिरवा. पण डाव्या-उजव्यातला फरक पाहा. कॅम्बरमध्ये ४४′, कॅस्टरमध्ये ३५′. साधारण अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असला की गाडी ओढू लागते. ज्या बाजूचं कॅम्बर जास्त धन त्या बाजूला ओढते आणि ज्या बाजूचं कॅस्टर कमी त्या बाजूला ओढते. इथे दोन्ही कारणं डावीकडेच ढकलतात.

आता महत्त्वाचं गणित. एसएआय म्हणजे वरच्या स्ट्रट माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंतच्या रेषेचा आतला कल. त्यात कॅम्बर मिळवलं की इन्क्लूडेड अँगल येतो. डावीकडे १२°०८′ अधिक ०°२७′ म्हणजे १२°३५′. उजवीकडे १२°५२′ वजा ०°१७′ म्हणजे तेही १२°३५′. हा कोन नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) आणि स्ट्रट यांच्या घडणीतच असतो, ते भाग वाकल्याशिवाय तो बदलत नाही. दोन्हीकडे तो सारखा आहे, तेव्हा डावी नकल आणि डावा स्ट्रट सरळ आहेत. नकल बदलायचा खर्च वाचला.

एका बाजूला एसएआय कमी आणि कॅम्बर जास्त, दुसऱ्या बाजूला नेमकं उलट, आणि बेरीज सारखी. याचा अर्थ एकच : वरची दोन टोकं जागेवर असतील तर खालचे दोन्ही बॉल जॉइंट मिळून उजवीकडे सरकले आहेत. बॉल जॉइंट ज्या आर्मवर आहेत ते आर्म सबफ्रेमवर (बॉडीला खालून बोल्टने बसवलेल्या चौकटीवर) आहेत. म्हणजे सबफ्रेम उजवीकडे सरकलेली आहे आणि तिचा डावा कोपरा मागे गेला आहे. स्ट्रटच्या वरच्या टोकापासून बॉल जॉइंटपर्यंत सुमारे ६२० मिमी उंची धरली तर १ मिमी सरकण्याने साडेपाच मिनिटं बदलतात. २२ मिनिटं म्हणजे ४ मिमी.

टाय रॉड फिरवून टो जुळवला की स्टीअरिंग सरळ दिसतं आणि कागद हिरवा होतो. सबफ्रेम तिथेच राहते.

१३ जून

गाडी लिफ्टवर घेऊन ट्रॅमल गेजने (दोन बिंदूंमधलं अंतर मोजायच्या दांड्याने) मापं घेतली. दोन्ही स्ट्रट टॉवरमधलं अंतर पुस्तकातल्या मापापेक्षा १ मिमीने वेगळं, ते चालतं. वरची टोकं ठीक आहेत हा कालचा अंदाज पक्का झाला. खाली मात्र तिरप्या मापांत फरक आला. डाव्या लाँग मेंबरचं (बॉडीच्या पुढच्या लांब पोकळ तुळईचं) सबफ्रेम बसायचं पुढचं भोक ४ मिमी मागे आणि ३ मिमी उजवीकडे आहे. उरलेलं सरकणं सबफ्रेमच्या बोल्टच्या भोकातल्या ढिलाईतून आलं. मागच्या डाव्या बोल्टच्या वायसरचा कारखान्यातला ठसा उघडा पडलेला दिसतो आणि आताचा वायसर त्याच्या बाजूला बसला आहे. हा ठसा कुठलीही मशीन नसताना पाच मिनिटांत पाहता येतो. गाडी ताब्यात घेतानाच मालकांनी लिफ्टवर जाऊन तो पाहावा असं आम्ही सांगतो.

नुसते बोल्ट ढिले करून सबफ्रेम पहारीने ढकलली तर १–२ मिमी मिळतील, ४ नाही. बेंचवर (बॉडी पकडून ओढायच्या चौकटीवर) जावंच लागेल.

१४ जून

विमा कंपनीला पुरवणी एस्टिमेट पाठवलं. सोबत एसएआयचा कागद, वायसरच्या ठशाचे फोटो आणि तिरप्या मापांचा तक्ता. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काही उघडलं नाही. आधी उघडलं तर हा दोष त्याच अपघातातला हे दाखवणं अवघड होतं. ‘गाडी ओढते’ एवढंच लिहिलं की ते टायर झिजण्यात जमा होतं. ‘सबफ्रेम माउंट ४ मिमी मागे’ असं लिहिलं की विमा कंपनीलाही मोजूनच उत्तर द्यावं लागतं.

१८ जून

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत बेंच असलेल्या ठिकाणी गाडी नेली. इंजिनाला वरून आधार देऊन सबफ्रेम सोडवली. सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्याच्या) खालच्या कडेला चार जागी क्लॅम्प आवळले. तिथला रंग आणि अंडरकोट खरवडावा लागतो, नाहीतर क्लॅम्प घसरतो. शेवटी त्या जागा पुन्हा झाकायच्या आहेत, त्यांची नोंद फळ्यावर केली.

खेचण्याची दिशा धडकेच्या बरोबर उलटी : पुढे आणि थोडी डावीकडे. थोडं ओढायचं, ताण असतानाच ओढलेल्या भागाच्या आसपास लाकडी ठोकळ्यावरून हातोडी मारायची, ताण सोडायचा, मोजायचं. पत्रा थोडा परत जातो, म्हणून २–३ मिमी जास्त ओढावं लागतं. किती जास्त ते पुस्तकात सापडत नाही, सोडल्यावर मोजूनच कळतं. गॅसची ज्योत लावायची नाही. लाँग मेंबरचं पोलाद उच्च ताकदीचं असतं, तापवलं की ती ताकद जाते. बाहेरून काही दिसत नाही, पण पुढच्या धडकेत तो भाग ठरल्याप्रमाणे चुरगळत नाही.

शेवटचं माप : पुढचं डावं भोक १ मिमीच्या आत. साधारण ३ मिमीपर्यंत मुभा मानतात, पण सस्पेन्शन बसतं तिथे आम्ही १ वरच थांबतो. स्पॉट वेल्ड एकेक करून पाहिले, कुठे सुटलेले नाहीत. अॅप्रन आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) जुळतात त्या सांध्यातलं सीलंट मात्र लांब चिरलेलं आहे. चिरेच्या कडा काळ्या आणि आत लाल माती. म्हणजे ही चीर आजची नव्हे, पहिल्या ओढण्याच्या वेळची आहे. ओल्या चटईचं एक कारण इथेच दिसलं.

२० जून

सबफ्रेम परत बसवली, बोल्ट नवे. संदर्भाच्या भोकांतून गाइड पिना घालून जागा पक्की केली आणि मगच टॉर्क रेंचने आवळले. पिना न घालता आवळली तर शेवटचा बोल्ट फिरताना ती १ मिमी सरकते.

डावा लोअर आर्म नवाच आहे, पण त्याचं मागचं बुश पिळलेलं दिसलं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरली की ते कायम पिळलेलं राहतं, एका बाजूला ढकलतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट ढिला केला, चाकांवर वजन आणलं, गाडी पुढेमागे ढकलून बसू दिली आणि मग टॉर्क दिला. या एका पायरीला पैसे लागत नाहीत, तरी हीच सर्वांत जास्त वगळली जाते.

डावं व्हील बेअरिंग प्रेसवर काढलं. आतल्या कडीवर ठसे स्पष्ट आहेत. नवं बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्यायचा, आतल्या कडीवर दिला तर नवं बेअरिंगही ठसे घेऊनच बसतं. हब नट नवा. डायल गेज लावून हबच्या (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागाच्या) चेहऱ्याचा डोल पाहिला : जुना हब ०.११ मिमी, नवा ०.०३. मर्यादा ०.०५. ब्रेक लावताना पॅडलला हलका ठोका येत होता, तो या डोलामुळे. डिस्कही त्यामुळे एका जागी जास्त झिजली होती, म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क नव्या घातल्या.

उजवीकडे नेऊन ठेवलेली रिम आतल्या कडेला चेमटलेली आहे. आडवा डोल १.९ मिमी, लोखंडी रिमला १ पर्यंत ठीक. वजनं लावून बॅलन्सिंग मशीनवर शून्य दाखवता येतं, पण डोल राहतो आणि थरथरही राहते. रिम बदलली.

२१ जून

डावं : कॅम्बर +०°०६′, कॅस्टर ३°२४′, एसएआय १२°२९′
उजवं : कॅम्बर +०°०२′, कॅस्टर ३°३०′, एसएआय १२°३३′
एकूण टो ०°०६′. चाकं मागेपुढे १ मिमीच्या आत.

बेरीज दोन्हीकडे अजूनही १२°३५′, तशीच हवी होती. स्टीअरिंग सरळ धरून टो जुळवला. त्यानंतर स्कॅनरने स्टीअरिंग अँगल आणि टॉर्क सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने शिकवला. इलेक्ट्रिक स्टीअरिंगमध्ये हे राहिलं तर भूमिती बरोबर असूनही मोटर एका बाजूला किंचित जोर देत राहते. मग पुन्हा सगळा दोष अलाइनमेंटवर येतो.

वेर्ण्याच्या त्याच तुकड्यावर गाडी हात सोडून सरळ जाते. आवाज नाही, थरथर नाही.

२४ जून

पाणी. आधी ते कोणतं पाणी आहे हे ओळखायचं. बोटाला चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरमधला कूलंट. स्वच्छ, गार आणि फक्त एसी चालू असताना येत असेल तर निचऱ्याची नळी. इथलं पाणी लालसर गढूळ आहे, म्हणजे पावसाचं.

डावी पुढची सीट आणि खालची पट्टी काढून कार्पेट उचललं. वरून कापड ओलसर लागतं, पण खालचा फोम पिळला तर पाणी गळतं. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसला आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने मंद धार धरली. धार खालून वर न्यायची. आधी चाकाची कमान, मग सांधा, मग वायपरखालची जाळी, शेवटी काच. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. प्रेशर वॉशर वापरायचा नाही, पाऊस जिथे शिरत नाही तिथेही तो पाणी घुसवतो.

दोन वाटा सापडल्या. एक चिरलेला सांधा, तो अपेक्षितच. दुसरी, हेडलॅम्पकडून येणारी वायरिंग फायरवॉलमधून आत शिरते तिथलं रबरी ग्रोमेट. त्याची अर्धी ओठी आत दुमडलेली होती. वायरिंग ओढून जोडताना ग्रोमेट असं उलटतं आणि वायर स्वतःच पाणी आत नेते. एक वाट बंद करून थांबलो असतो तर चटई पुन्हा ओलीच राहिली असती, म्हणून एक गळती सापडल्यावरही चाचणी शेवटपर्यंत न्यायची.

२६–२७ जून

सांध्यातलं जुनं सीलंट पूर्ण काढलं, वरून नवा थर दिला नाही. गंज पत्र्यापर्यंत खरवडला, इपॉक्सी प्रायमर दिला आणि तो वाळल्यावर पॉलियुरेथेन सीम सीलंट ब्रशने आत दाबून भरलं. घरगुती सिलिकॉन इथे कधीही नको. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं आम्ल पत्रा खातं, आणि सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही.

लाँग मेंबर आणि सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं. ओढलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूचा कारखान्यातला थर तडकलेला असतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज तिथूनच आत सुरू होतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. मेण मारल्यावर सिलच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी केली. क्लॅम्पच्या चारही जागांना प्रायमर आणि अंडरकोट दिला.

कार्पेटचा फोम जागेवर वाळत नाही. तो बाहेर काढून बंद खोलीत डीह्युमिडिफायरसमोर ठेवला. पावसाळ्यात पंखा लावून उपयोग नाही, हवाच ओली असते.

२८ जून

एअरबॅगचा दिवा. स्कॅनरवर कोड डाव्या पुढच्या इम्पॅक्ट सेन्सरच्या सर्किटचा. कोड पुसून गाडी दिली की दिवा काही दिवस विझतो. तसंच झालेलं दिसतं, कारण जुन्या इतिहासात तोच कोड पुन्हा पुन्हा आहे.

इग्निशन बंद केलं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि पुस्तकात दिलेला वेळ थांबून मगच एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावला. कंट्रोल युनिटमध्ये बॅटरी काढल्यावरही काही काळ चार्ज उरतो. एअरबॅगच्या स्वतःच्या तारांवर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावायचा नाही, तेवढा प्रवाहही धोक्याचा ठरू शकतो.

कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या. वरचं लहान रबरी सील गायब आहे. धडकेत किंवा नंतर कधी ते पडलं आणि पावसाने उरलेलं काम केलं. सेन्सरखाली रंगाचा जाड थर होता. हा सेन्सर थेट पत्र्यावर घट्ट बसायला हवा आणि त्याचा बाण पुढे हवा, नाहीतर धक्का त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. सेन्सर नवा घातला. तारेचा शेवटचा तुकडा आणि कनेक्टर कंपनीच्या रिपेअर किटमधले वापरले. वळवून टेप गुंडाळलेला जोड या सर्किटमध्ये चालत नाही. दिवा इग्निशन दिल्यावर लागून काही सेकंदांत विझतो, तसंच हवं. दिवा अजिबातच न लागणं हाही दोष असतो, तेही पाहिलं.

१ जुलै

एसी. गॅस बाहेर काढून तोलला : ३१० ग्रॅम. बोनेटखालच्या स्टिकरवर ४३०. नव्या कंडेन्सरच्या जोडातली ओ-रिंग कोरडी बसवल्याने चिरलेली होती. ओ-रिंग बदलली, तेल लावून बसवली. व्हॅक्यूम अर्धा तास ठेवला आणि पंप बंद करून सुई हलत नाही ना ते पाहिलं. पावसाळ्यात व्हॅक्यूम घाईत उरकला तर आत ओल राहते. आर-१३४ए चे ४३० ग्रॅम वजनाने भरले, गेजच्या अंदाजाने नाही.

तरी गाडी उभी असताना उच्च दाब १९ बारच्या आसपास जातो. गॅस बरोबर आहे, पंखा फिरतो. कारण समोरच दिसलं : कंडेन्सर आणि रेडिएटरच्या बाजूंच्या फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे आडोसे बसवलेलेच नाहीत. गाडी चालत असताना समोरची हवा पुरते. उभी राहिली की पंखा इंजिनाकडची गरम हवा कडेने फिरवून पुन्हा ओढतो. आडोसे मागवून बसवले, फोम लावला. दाब १५ वर आला आणि उभ्या गाडीतही जाळीतून गार हवा येते. समोरच्या धडकेनंतर एसीची तक्रार आली की आम्ही गॅसच्या आधी या पट्ट्या पाहतो.

३–६ जुलै

रंग. फेंडरवरचा एक फोड सुईने फोडला, आत पाण्याचा थेंब. कोरडा पोकळ फोड असता तर ते थिनर अडकल्याचं लक्षण झालं असतं. जाडी मोजायच्या गेजवर दारावर १२० मायक्रॉन, फेंडरच्या वरच्या भागात ९०० च्या पुढे. फेंडर बिलात नवा आहे, तरी त्यावर लांबी (खड्डे भरायची पुटी) आहे. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते. ती ओल्या पेपरने घासली आणि पुरती न वाळवता वर रंग दिला की पाणी आत कोंडतं, उन्हात वाफ होऊन फोड वर येतो.

फेंडर पत्र्यापर्यंत सोलला. इपॉक्सी प्रायमर, त्यावर जेमतेम २ मिमीच्या आत लांबी. घासणं पूर्ण कोरडं : ८०, १८०, ३२० नंबर. मग टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) सरफेसर, त्यावर ६०० नंबर.

इथे हवेचा हिशेब करावाच लागतो. शेडमध्ये २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. अशा वेळी दवबिंदू २६ च्या जवळ असतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, आणि आपल्याकडे फरक दोनच. डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा थर पत्र्यावर असतो आणि रंग त्याच्यावर बसतो. म्हणून इन्फ्रारेड दिव्याने पत्रा ३५ पर्यंत आणला आणि मग फवारलं. कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी आणि दुपारी रिकामी केली, फवारणीच्या आधी फिल्टर बदलला. पावसाळ्यात टाकीत इतकं पाणी जमतं की ते थेट गनमधून येतं. टू-के हार्डनर ओल्या हवेशी प्रक्रिया करतो, त्यातून बारीक बुडबुडे येतात आणि चमक मंदावते. त्याच हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे, साधा कापडी मास्क लावून हे काम करू नये, ताज्या हवेची नळी असलेलाच हवा.

सिल्व्हरची छटा तंतोतंत जुळवायचा हट्ट केला नाही. मेटॅलिकमध्ये कणांचा कल गनच्या दाबाने आणि अंतराने बदलतो. फेंडर एकटा रंगवला की कडेने पाहताना वेगळा दिसतोच. बेस कोट पुढच्या दारावर विरत नेला, क्लिअर मात्र पूर्ण दाराला दिला. ६० अंशांवर अर्धा तास भाजलं.

९ जुलै

फेंडर आणि दारामधली फट आधी वर ५ मिमी आणि खाली २ होती. लाँग मेंबर जागेवर आल्यावर ती जवळजवळ आपोआप ४ वर आली, बिजागरीला हात लावावा लागला नाही. फट जुळवायला दार वाकवण्याआधी खालची मापं पाहावीत ती याचसाठी.

हेडलॅम्प : सपाट जागा, टायरची हवा बरोबर, चालकाच्या सीटवर माणूस. भिंत ५ मीटरवर, डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंमी खाली. डावा दिवा ११ सेंमी वर मारत होता, तो उतरवला.

पुन्हा पाइपने पाणी मारलं, आत कोरडं. गाडी दिली. सोबत अलाइनमेंटचे दोन्ही कागद, बॉडीच्या मापांचा तक्ता, रंगाच्या जाडीचे आकडे आणि काढलेले सगळे जुने भाग. महिनाभर मेण-पॉलिश नको असं सांगितलं.

२४ ऑगस्ट

चवथीआधीची तपासणी. गाडी मधल्या काळात अनमोड घाटातून बेळगावला जाऊन आली आहे. कॅम्बर आणि कॅस्टर २′ च्या आत तसेच. पुढच्या दोन्ही टायरचे खोबण आतून, मधून, बाहेरून सारखे. सबफ्रेमच्या बोल्टवर रंगाने मारलेल्या रेषा सरकलेल्या नाहीत. कार्पेटखाली ओलावा मोजायचं यंत्र लावलं, डावं-उजवं सारखं. फेंडर गुळगुळीत.

एक बाकी : डाव्या सिलच्या मागच्या क्लॅम्पच्या जागी अंडरकोट दगडाने उडाला आहे आणि खाली गंजाची पिवळी छटा आहे. खरवडून प्रायमर दिला. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी पत्रा पूर्ण कोरडा असताना तिथे अंडरकोट आणि आतून मेणाचा दुसरा हात द्यायचा आहे.